चौथ्या निबंधाची पानं

१

"चतुराबाई, यात चारच निबंध आहेत."

अकोल्याहून परीक्षक म्हणून आलेले वकीलसाहेब चष्मा पुसत असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलं. पाच निबंध मी स्वतः मोजून बांधायला दिले होते. मी वाशीमच्या मुलींच्या शाळेची हेडबाई. शंभर पोरी एका नजरेत मोजते आणि एखादी भिंतीवरून पळाली असेल तर तिचं नावही सांगते. मोजण्यात माझी चूक होत नाही.

"पुन्हा पाहा," मी म्हटलं. जरा जोरानंच म्हटलं.

त्यांनी पाहिलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मे महिन्यातला रविवार, सकाळचे नऊ. खिडकीवरच्या वाळ्याच्या ताट्या तेवढ्यातच सुकल्या होत्या. मीही निबंध मोजले. चारच.

सगळं क्रमानं सांगते. साल एकोणीसशे एकोणचाळीस. अमरावती-नागपूरच्या कॉलेजात शिकणारी आमची पोरं उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली, की आमचं वाचनालय त्यांच्या निबंधांचं हस्तलिखित काढी. पुरुषमंडळी चिटणीसपदासाठी भांडत बसली म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडलेलं. यंदाचा विषय होता 'मी आणि माझा समाज'. ज्याचा निबंध पहिला येईल, त्याचा कॉलेजचा आणि बोर्डिंगचा वर्षभराचा खर्च बबनराव देशमुख उचलणार होते. चार वाजता सभा, तिथं प्रत्येकानं आपला निबंध वाचायचा, मग निकाल, आणि साडेपाचच्या सर्व्हिस मोटरनं वकीलसाहेब अकोल्याला परत.

निबंधावर नाव लिहायचं नाही, असा नियम. पण पोरंच ती! आपापला नंबर त्यांनी शुक्रवारीच गावभर सांगून टाकला. पहिला भाऊसिंगचा, दुसरा रऊफचा, चौथा जगदेवचा. तिसरा आणि पाचवा नागपूरवाल्या दोघांचे. ते दोघं गुरुवारीच कुठल्याशा लग्नाला निघून गेले होते, दुपारी येणार होते.

गेला होता तो चौथा.

आणि जगदेव दारातच उभा होता. मेडशीच्या महारवाड्यातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. एक वर्ष कसंबसं झालेलं. बापानं सांगून टाकलं होतं, बक्षीस आलं तर जा, नाहीतर मृग लागला की वखरामागं चाल. मृगाला पंधरा दिवस राहिले होते.

"बाई," तो म्हणाला, "मायाच गेला ना?"

मला त्याच्याकडे बघवेना. मी पुस्तक खिडकीशी नेलं. प्रत्येक निबंधाच्या आधी एक रंगीत कागद होता, त्यावर फक्त शीर्षक. चौथ्याचा हिरवा कागद जागेवर होता. 'वेगळा पेला', जगदेवचं ठसठशीत अक्षर. पण त्याच्यामागची आठ पानं शिवणीजवळून कापलेली, बोटाच्या पेराएवढी पट्टी तेवढी उरलेली. काप एकसारखा होता, कुठं थरथर नाही. आणि गंमत अशी, की पाचव्या निबंधाचा गुलाबी कागदही गेला होता! पाचवा निबंध होता, त्याचं शीर्षक नव्हतं. चौथ्याचं शीर्षक होतं, निबंध नव्हता.

चोराला जगदेवचा निबंध हवा होता, तर त्याचा हिरवा कागद त्यानं ठेवला कशाला? आणि दुसऱ्याचा गुलाबी नेला कशाला?

हिरव्या कागदाच्या पाठीवरून मी बोट फिरवलं. शिवणीला लागून एक बारीक ओरखडा बोटाला लागला. सुरीचं टोक तिथं उतरलं होतं. पाचव्या निबंधाच्या पहिल्या पानावर मात्र काही नव्हतं.

"तीन वाजेपर्यंत पानं आली तर वाचीन," वकीलसाहेब म्हणाले. "नाहीतर चारांतून निकाल."

सहा तास. माझ्याच्यानं खुर्चीवर बसवेना.

२

बातमी बाजारात पोचायला किती वेळ लागतो? पुस्तक काखेत मारून वाचनालयाच्या पायऱ्या उतरले तोच पानवाला म्हणाला, "बाई, बाइंडरचंच काम हाये ते. पुस्तक त्याच्याच घरी होतं ना."

रहमतुल्ला जिल्दसाजाचं दुकान आणि घर माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून. त्याचा मुलगा रऊफ माझ्या ओट्यावर मराठी बाराखडी शिकला. मी गेले तेव्हा रहमतुल्ला दुकानात उभा होता आणि त्याचं तोंड लालबुंद झालेलं. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"दाखवा," एवढंच म्हणाला. काप पाहिला, पट्टीवर अंगठा फिरवला आणि पुस्तक माझ्यापुढं आपटलं. "बाई, मी चोर असतो तर सुरी लावली असती काय? दोरा उसवला असता, पानं काढली असती, पुन्हा शिवलं असतं. तुमच्या वकीलसाहेबाच्या बापालेही कळलं नसतं! तीस वर्सं झाली या धंद्यात. अशी पट्टी ठेवून मी कापीन?"

"तुले कोन म्हन्ते तू कापलं म्हणून? मले फक्त सांग, पुस्तक कुठं कुठं होतं."

"शुक्रवारी शिवलं. पाचही होते, मायी खातरी हाये. पुठ्ठा चढवला आन् सांजच्याले शिकंज्यात दाबून ठेवलं. मी मशिदीत गेलो, आलो, जेवलो. शनवारी सकाळी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं ठसवली. तवा आत कायले पाहू? मंग भाऊसिंग घेऊन गेला बबनरावाकडं, सहीले. सांजच्याले तुमच्या कपाटात. चाबी तुमच्याजवळ." तो माझ्याकडे रोखून पाहू लागला. "तुमाले तर कोनी चोर नाई म्हनत!"

खरं होतं. पण ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आत गेले.

आत रहमतबी, त्याची बायको, वह्यांचे कागद दुमडून सुरीनं कापत बसली होती. एक घाव, एक गठ्ठा. शिवणाचं आणि दुमडण्याचं काम तिचंच. बाजूला तिचं उर्दू पुस्तक उघडं पडलेलं. उर्दू आणि कुराण ती भराभर वाची. मराठी बोलायची तर आमच्या शाळेच्या मास्तरणीपेक्षा सरस, पण अक्षर एक ओळखीत नसे. मी किती वेळा म्हटलं, ये, शिकवते. म्हणायची, "या उमरीत कायले वो बाई? मायासाठी रऊफ वाचते ना."

मला पाहून ती उठली, लोटा भरून आणला.

"निबंध चोरीले गेला म्हन्ते," ती म्हणाली. डोळे खाली. "मंग आता बाकीचे वाचतीन सभेत का नाई?"

"वाचतीन ना. जगदेवचा तेवढा गेला."

लोटा तिच्या हातातून सुटला. पाणी माझ्या पायांवर आलं.

"जगदेवचा?" ती म्हणाली. "जगदेवचा कसा?"

"कसा म्हणजे? कापून नेला कोण्या मेल्यानं."

ती खाली बसून पदरानं जमीन पुसू लागली, पुसतच राहिली. जगदेव सुटीत वाशीमला आला की याच घरी जेवायचा, रऊफच्या शेजारी. मला वाटलं, पोराची माया. मी निघाले. तेव्हा मी अजून जरा थांबले असते, तर चार तास आणि बरीच पायपीट वाचली असती.

३

भाऊसिंग रिसोडचा. अंगानं आडवा, जिभेनं तिखट. सुटीत मामाकडे वाशीमला येऊन राहायचा. चहाच्या हॉटेलात चार टवाळ पोरं जमवून बसला होता. मी बाहेरून हाक मारली, तर बाकीचे मागच्या दारानं पळाले. हेडबाईचा एवढा फायदा असतो.

"काय रे, जगदेवचा निबंध निघाला तर आपलं काही खरं नाई, असं तूच म्हनला ना परवा?"

"म्हनलो. खरंच हाये ते." त्यानं बशीतला चहा संपवला. "पन बाई, मी जर चोरला असता, तर आपला नंबर दुसरा लागन म्हणून ना? मंग रऊफचाही चोरा लागला असता. त्याचा मायापेक्षा भारी हाये."

"तुले कसं ठाऊक? वाचला तू?"

"नाई जी. शुक्रवारी दुपारी त्यानंच सांगितलं, दुकानाच्या ओट्यावर बसून. म्हने, 'माया दुसरा निबंध हाये. साथीच्या सालातली गोस्ट लिहिली. रविवारी सभेत साऱ्या गावाले कळू दे.' मी म्हनलं, कोन्ती गोस्ट? तर नुसता हसला."

मी हॉटेलाच्या बाकावर बसले. हो, बसले.

साथीच्या सालातली गोष्ट मला ठाऊक होती. वाशीममध्ये आता पाच-सहा म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असेल. एकोणीसशे अठरा, इन्फ्लुएंझा. रिसोडच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली होती, हाकणारा मेलेला, बाई मेलेली, आणि त्यांच्यामध्ये एक तान्हं लेकरू रडत. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, कोणालाच कळलं नाही. गावात तेव्हा मढी उचलायला माणूस मिळत नव्हता, लेकरू कोण उचलणार? रहमतबीनं उचललं. तिचं स्वतःचं आठ दिवसांपूर्वी गेलं होतं. त्या लेकराचं नाव रऊफ. त्याला कोणी सांगायचं नाही, असं आम्ही शेजारणींनी ठरवलं आणि वीस वर्षं पाळलं. कोणीतरी त्याला सांगितलंच होतं तर.

पण रऊफचा निबंध तर जागेवर होता! तो कुणी चोरला नव्हता. चोरीला गेलेला जगदेवचा होता, आणि मला जगदेवचा चोर शोधायचा होता.

"पुस्तक नेतानी रस्त्यात उघडलं होतं?"

"उघडलं," भाऊसिंग म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर चळली. "आपला निबंध बरा दिसते का, तेवढं पाह्यलं. पयलं पान. त्याच्यापुढं गेलो नाई, आईशपथ."

"आन् बबनराव?"

"त्याहीनं तर दार लावून घेतलं, बाई. तीन घंटे."

४

बबनराव देशमुखांवर माझा संशय सकाळपासूनच होता, खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी कॉलेजला निघालेल्या पोरांचा त्यांच्या घरी सत्कार झाला. सगळ्यांना कपबशीत चहा, आणि जगदेवला अंगणात, फुटक्या कानाच्या पेल्यात. 'वेगळा पेला' हे शीर्षक वाचून कुणालाही कळलं असतं की आत काय आहे. आणि तो निबंध त्यांच्याच बक्षिसासाठी, त्यांच्याच समोर वाचला जाणार होता!

एक वाजला होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्यांचा गडी म्हणाला, मालक झोपले. मी म्हटलं, उठव.

बबनराव बंडीच्या गुंड्या लावत बाहेर आले. "बसा बाई. इतक्या उन्हाच्या?"

"बसाले नाई आले. काल तीन तास दार लावून पुस्तक घेऊन बसले होते तुमी. सहीले तीन तास लागतात?"

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. समोरच्या तक्क्याकडे पाहत राहिले.

"हाव. हिरवा कागद पाहाले बसलो होतो," ते म्हणाले. "कोनीतरी कानात सांगतलं होतं, पोरानं पेल्याचं लिहिलं म्हणून. सही केली आन् पानं उलटवत गेलो. हिरवा कागद आला. वाचलं शीर्षक. मनाची तयारी केली, कागद उलटला, तर पुढं निबंधच नाई. एकदम दुसरंच कायतरी, नागपूरचं. पुन्हा पाह्यलं, पुन्हा मोजले. चारच."

"आन् तुमी सांगतलं नाई?"

"काहून सांगू?" त्यांचा आवाज चढला. "मले बरं वाटलं! पोराले अक्कल आली, शीर्षक दिलं आन् निबंध मागं घेतला, असं वाटलं. देवाले नारळ फोडाचं मनात आलं. नाई सांगतलं, हे माया चुकलं असन. पन सुरी मी लावली नाई. सुरी लावाची असती तर पयले तो हिरवा कागद टराटरा फाडला असता मी, बाई."

माणूस लबाड होता, पण हे बोलणं लबाडाचं नव्हतं. आणि हिरव्या कागदाचं त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात सकाळपासून घुमणाऱ्या प्रश्नालाच जाऊन भिडत होतं. जगदेवचा राग असलेला माणूस ते शीर्षक तसंच ठेवून जाईल कसा?

म्हणजे शनिवारी सकाळी पुस्तक त्यांच्याकडे आलं, तेव्हा पानं आधीच गेली होती. म्हणजे शुक्रवार.

मी त्यांच्या ओसरीत येरझारा घालू लागले. बबनरावांनी दोनदा बसा म्हटलं, मी ऐकलं नाही. अंगाची लाही होत होती, म्हणून हातातल्या पुस्तकानंच वारा घेऊ लागले. घेता घेता ते निसटलं आणि तक्क्यावर पालथं पडलं. घाईत तसंच उचललं, तर मागच्या पुठ्ठ्यानं उघडलं गेलं.

आणि मी थांबले. सकाळपासून पहिल्यांदा माझे पाय थांबले.

पालथ्या पुस्तकाची पानं मी मागून एकेक उलटवली. आधी पाचवा निबंध. मग कापलेली पट्टी, गुलाबी कागदाची. मग आठ पानांच्या पट्ट्या. मग हिरवा कागद. माणसानं पुस्तक या बाजूनं उघडलं, तर गुलाबी कागद हा दुसऱ्या निबंधाची सुरुवात वाटणार आणि हिरवा कागद तिसऱ्याची! या बाजूनं आठ पानांवर सुरी चालवली, तर तिचं टोक खालच्या हिरव्या कागदाच्या पाठीवरच उतरणार.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आम्ही सगळे जगदेवचे वैरी शोधत होतो. चोराला जगदेवशी देणंघेणंच नव्हतं. त्याला हवा होता दुसरा निबंध. त्यानं तो मोजला, पण उजवीकडून डावीकडे पुस्तक वाचणाऱ्याच्या सवयीनं मोजला.

रहमतुल्लाही उर्दू वाचतो. पण तो मराठी अक्षरं पुठ्ठ्यावर ठसवतो, आणि त्यानं सुरीऐवजी दोरा उसवला असता. रऊफला स्वतःचं अक्षर कळतं. एका घावात गठ्ठा कापणारा हात, मराठीचं अक्षर न ओळखणारे डोळे, आणि शुक्रवारी सांजच्याला शिकंज्याजवळ एकटं असलेलं माणूस...

"जगदेवचा कसा?" असं तिनं विचारलं होतं. मी बहिरी होते की काय!

"काय झालं बाई?" बबनराव म्हणाले.

"सभेले या," मी म्हटलं आणि पळत सुटले. पन्नाशीच्या हेडबाईला भर उन्हात पळताना वाशीमनं पाहिलं.

५

रहमतबी त्याच जागी बसली होती. कागदाचा गठ्ठा सकाळी होता तेवढाच. दुकानात रहमतुल्ला नव्हता. मी आतून कडी लावली.

"पानं कुठं हायेत?"

तिनं मान वर केली नाही. मी घाबरले. चुलीकडे पाहिलं. "जाळले तर नाई ना वो?"

"जाळीन कशी?" ती एकदम म्हणाली. "लेकराच्या हातचं लिहिलेलं हाये ते!"

मग उठली, पेटी उघडली. ईदच्या ओढणीत गुंडाळलेली आठ पानं आणि एक गुलाबी कागद. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरले, आणि तेव्हा ती रडली.

"मले फक्त सभा होईस्तोवर लपवाचं होतं. मंग त्याच्या हाती देनार होते. ओट्यावर त्यानं भाऊसिंगले सांगतलं ते मी दाराआडून आयकलं. साऱ्या गावाले कळू दे म्हने. बाई, उद्या कोनी उठून म्हनन, हे आमच्या जातीचं लेकरू हाये, द्या वापस. दिवस कसे हायेत, तुमी पाहून राह्यल्या. वीस वर्सं मी एकाही बैलगाडीकडं मान वर करून पाह्यलं नाई, भेवानं. आन् तोच म्हनन, ही मायी अम्मी नाई... कोरा पुठ्ठा होता वो, दोन्हीकडून सारखा. हात घाबरला होता. हात आपल्या सवयीनं गेला."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मी पानं हातात घेतली.

"हे रऊफचं नाई. जगदेवचं हाये. आईक."

आणि मी वाचलं. देशमुखांच्या अंगणातला पेला, शाळेतला पाण्याचा रांजण, बोर्डिंगातली वेगळी पंगत. मग सातव्या पानावर आले. तिथं लिहिलं होतं: 'वाशीममध्ये मी फक्त एका घरी पाणी पितो. जिल्दसाजाच्या घरातली माझी मावशी मला आणि तिच्या मुलाला एकाच लोट्यानं पाणी देते. तिनं कधी माझी जात विचारली नाही. तो लोटा हातात असतो तेवढा वेळ मी नुसता माणूस असतो.'

रहमतबीनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. म्या हेच कापलं?"

"हेच."

"त्याचं कॉलेज जाईन?"

"तीन वाजेस्तोवर दिलं तर नाई जानार. सव्वादोन झाले. दे, मी नेते. कोन्या कोपऱ्यात सापडले म्हणून सांगते. तुयं नाव घेत नाई."

"नाई." तिनं पानं माझ्या हातातून ओढून घेतली. "कापले मी. नेऊन मीच देईन."

तिनं बुरखा घातला. दाराशी ती थांबली.

"बाई, रऊफचा वाचा ना आधी. थोडासाच. काय लिहिलं ते कळू द्या, मंग चालते. नाईतर माये पाय नाई उचलनार."

परीक्षकाआधी कुणी निबंध वाचायचा नाही हा नियम मीच केलेला. पण वकीलसाहेबांनी तो सकाळीच वाचला होता, आणि नियम गेला चुलीत. मी पुस्तक उघडलं, दुसरा निबंध काढला. पहिल्याच ओळी होत्या: 'मी कोणाच्या पोटचा, हे मला ठाऊक नाही. मागच्या वर्षी ते कळलं तेव्हा मी आठ दिवस जेवलो नाही. मग आठवलं, की मी जेवलो नाही म्हणून ते आठ दिवस आणखी एक माणूस जेवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी माझं गाव शोधणं सोडलं. साऱ्या गावाला कळू दे, ती कोण आहे ते.'

तिनं बुरख्याचा पडदा खाली टाकला आणि माझ्या पुढं चालू लागली, इतकी भराभर, की मला गाठता येईना.

६

जगदेव वाचनालयाच्या पायरीवर बसला होता, सकाळपासून तिथंच.

"बेटा," रहमतबी म्हणाली, "तुयी पानं मी कापली. रऊफची समजून." आणि ओढणी त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं पानं पाहिली. एकेक मोजली. मग वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, हा आता ओरडेल. त्याचा हक्कच होता तो.

"मावशी, माया सारा जन्म होता यात," तो म्हणाला. "सकाळपासून मले वाटून राह्यलं, गावानं कापला."

ती तशीच उभी राहिली. उन्हात, पायरीच्या खाली. वकीलसाहेब दारात येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्यामागं रहमतुल्ला. त्याला चौकशीला बोलावून घेतलं होतं.

"पानी द्या मले," जगदेव म्हणाला. "तहान लागली."

दाराशीच वाचनालयाचा माठ होता. रहमतबी पायऱ्या चढली, लोटा भरला आणि त्याच्या हातात दिला. तो घटाघटा प्यायला. तेव्हा मला कळलं, की दोन वर्षं हा मुलगा माझ्या वाचनालयात येत होता आणि या माठाला त्यानं कधी हात लावला नव्हता. शंभर पोरी एका नजरेत मोजणारी मी! माझ्या दाराशी हे चाललं होतं आणि मला दिसलं नाही. मी तोंड फिरवलं.

"पानं मिळाली, साहेब," जगदेव वकीलसाहेबांना म्हणाला. "चोरी नाई झाली. मावशीच्या घरी होती, मीच वाचायले देली होती. बाइंडिंगात काही खोट नाई."

वकीलसाहेबांनी कापलेल्या कडा पाहिल्या, बुरख्यातल्या बाईकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. "पावणेतीन," ते म्हणाले. "आणा इकडे."

रहमतुल्लानं फक्त बायकोकडे पाहिलं. घरी त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. भिंतीला भिंत लागून आहे, तरी ऐकलंही नाही.

सभेत जगदेवनं पेला वाचला तेव्हा बबनराव जमिनीकडे पाहत होते. वाचून झाल्यावर टाळी वाजवायला ते विसरले, पण बक्षीस त्यालाच जाहीर झालं आणि त्यांनी ते, तोंड आंबट करून का होईना, दिलं. जगदेव अमरावतीला गेला. रऊफनं आपला निबंध वाचला तेव्हा सभा इतकी शांत होती की बाहेर मोटरवाला हॉर्न वाजवत होता तो सगळ्यांना ऐकू आला. कोणी रऊफला वापस मागायला आलं नाही. पडद्यामागं बायकांत रहमतबी कुठं बसली होती, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. ते हस्तलिखित मागितलं. मी दिलं. तिनं ते मांडीवर घेतलं, हात सवयीनं उजवीकडे गेला, मागचा पुठ्ठा उघडला. मग थांबली, पुस्तक फिरवलं, पालथं होतं ते सुलटं केलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"एथून ना, बाई?"

"एथून," मी म्हटलं आणि पाटी घेऊन तिच्याजवळ बसले.